पॉइंट टू-टू रायफल: काडतूस कुठून येतं, परवाना कसा मिळतो आणि पहिली बंदूक कोणती घ्यावी?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्याच्या रायफलीत जे काडतूस होतं, ते करंगळीच्या दोन पेरांएवढंही नसतं. .२२ लाँग रायफल हे त्याचं पूर्ण नाव. बोलताना सगळे ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या दोघींच्या हातातही याच मापाचं शस्त्र होतं.

मग शहादा किंवा नवापूरच्या एखाद्या तरुणाला वाटतं, आपणही एक घ्यावी. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ दिसतात. दुकानात जा, ओळखपत्र दाखवा, रायफल आणि पाचशे गोळ्यांचा डबा घेऊन घरी या. भारतात यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. आणि व्हिडिओ पाहून घाईने पैसे भरणाऱ्याची गाठ थेट पोलिसांशी पडू शकते.

आधी एक गोंधळ दूर करू

‘.२२’ हा आकडा दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक म्हणजे दारूने उडणारं काडतूस. दुसरी म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा फेकणारी ५.५ मिमी व्यासाची एअर रायफल. दोन्हींना ‘पॉइंट टू-टू’च म्हणतात आणि ऑनलाइन जाहिरातींत तर सर्रास सरमिसळ असते.

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एअर रायफलचा व्यास ४.५ मिमी (म्हणजे .१७७) पेक्षा जास्त असेल किंवा तिची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल, तर परवाना लागतो. म्हणजे .१७७ ची साधी एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, पण .२२ ची एअर रायफल नाही. हवेची आहे म्हणून चालेल, असं समजून ५.५ मिमीची बंदूक मागवणारे इथेच फसतात.

काडतुसाची .२२ रायफल मात्र पूर्णपणे अग्निशस्त्र आहे. तिला शस्त्र अधिनियम, १९५९ लागू होतो, अपवाद नाही.

‘रिमफायर’ म्हणजे नेमकं काय?

बहुतेक काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. पिन तिच्यावर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते. .२२ मध्ये ही टोपीच नसते. पेट घेणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत, म्हणजे ‘रिम’मध्ये भरलेलं असतं आणि पिन कडेवर आपटते. १८८७ च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या .२२ लाँग रायफल काडतुसाची ही रचना आजही तशीच आहे, कारण ती स्वस्त पडते.

स्वस्ताईची किंमतही आहे. कड दबावी म्हणून पुंगळी पातळ ठेवावी लागते, त्यामुळे ती पुन्हा भरून वापरता येत नाही. एकदा उडाली की संपली. आणि रसायन कडेभोवती सगळीकडे सारखं पसरलं नसेल, तर गोळी उडतच नाही. मोठ्या काडतुसांच्या तुलनेत रिमफायर फुसकं निघण्याचं प्रमाण जास्त असतं. असं झालं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते. घाईने बोल्ट उघडणं धोक्याचं.

गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम. नेमबाजीच्या काडतुसांचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर ठेवतात, म्हणजे उड्डाण स्थिर राहतं. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा ७ ज्यूलच्या आसपास, तर या गोळीची सुमारे १४० ज्यूल. ‘लहान बंदूक’ म्हणताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. नळी वर करून सोडलेली .२२ ची गोळी दीड-दोन किलोमीटरवर जाऊन पडू शकते, आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून ती सहज दिशा बदलते. शेताच्या बांधावर डबा ठेवून नेम धरण्याची कल्पना त्यामुळे वाईट आहे. बांधापलीकडे दोन किलोमीटरमध्ये नंदुरबार जिल्ह्यात कुठे ना कुठे पाडा, शाळा किंवा ऊसतोड मजुरांची वस्ती असतेच.

काडतूस येतं कुठून?

गंमत अशी की, नंदुरबारहून भुसावळची गाडी पकडली तर भुसावळच्या पुढे थोड्याच अंतरावर वरणगावचा आयुध कारखाना आहे. पण तिथे भर आहे तो लष्कराच्या ५.५६ आणि ७.६२ मिमीच्या गोळ्यांवर. नागरी परवानाधारकांसाठीची देशी काडतुसं, त्यात .२२ सुद्धा, ओळखली जातात ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या नावाने. हा कारखाना १८६९ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून खडकी आणि वरणगाव दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

सरावाला देशी काडतूस चालतं. स्पर्धेत मात्र ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमी व्यासाचं असतं, तिथे एकेका काडतुसातला बारीक फरकही गुण खातो. म्हणून मोठे नेमबाज ब्रिटनची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडमधून नावारूपाला आलेली लापुआ अशी काडतुसं वापरतात. तेही आपल्या रायफलीला कोणत्या खेपेचा माल मानवतो, हे एकेक खेप उडवून तपासतात. ही आयात सामान्य परवानाधारकाला जमत नाही. ती खेळाडूंसाठीच्या सवलतीतून आणि नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या (स्थापना १९५१) मार्गाने होते.

दुकानातली अडचण वेगळीच. विक्रेता खपणाऱ्या मालाचाच साठा ठेवतो. स्वसंरक्षणासाठी परवाना घेणारे बारा बोअर किंवा .३२ मागतात. .२२ मागणारा क्वचित येतो. त्यामुळे बंदूक निवडण्याआधी आपण जिथून खरेदी करणार त्या परवानाधारक विक्रेत्याला फोन करून ‘.२२ ची काडतुसं कधी येतात, किती मिळतात’ हे विचारणं हाच शहाणपणाचा पहिला प्रश्न. काडतूस मिळणार नसेल तर रायफल म्हणजे नुसती काठी. एका स्पर्धेच्या फेरीत ६० गोळ्या आणि वर सरावाच्या जातात, म्हणजे ५० चा एक डबाही पुरत नाही.

हवी तेवढी घेता येतात का? नाही. एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. नेमबाजांसाठी ही मर्यादा केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बरीच वाढवली. स्वसंरक्षणाचा परवाना घेऊन रोज सराव करू म्हणणाऱ्याची गाडी इथेच अडते.

कायद्यातला कमी माहीत असलेला दरवाजा

शस्त्र परवाना म्हणजे ‘जिवाला धोका आहे’ हे सिद्ध करणं, असा सार्वत्रिक समज आहे. .२२ च्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. अधिनियमाच्या कलम १३(३) मध्ये स्पष्ट म्हटलंय की केंद्र सरकारने परवाना दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा अथवा संघटनेचा सभासद नेमबाजीच्या सरावासाठी .२२ रायफल मागत असेल, तर प्राधिकाऱ्याने परवाना द्यावा. पीक संरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचाही याच कलमात उल्लेख आहे. बाकी बहुतेक शस्त्रांसाठी ‘सबळ कारण’ पटवावं लागतं.

अर्थात पोलीस चौकशी चुकत नाही, आणि कलम १४ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षेच्या कारणावरून नकारही येऊ शकतो. तो लेखी कारणांसह द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध अपील करता येतं.

नंदुरबारमध्ये अर्ज जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वय २१ पूर्ण हवं. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, तो नसलेला परवाना वैध धरला जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची आहे.

परवान्यावरचा ‘क्षेत्र’ हा रकाना नीट वाचा. जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत? हा प्रश्न नंदुरबारइतका नाजूक फार थोड्या ठिकाणी असेल. नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातमध्ये. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असलेली रायफल घेऊन बाकावर दोन हात सरकलात, तरी कागदोपत्री राज्य बदलतं.

मग पहिली बंदूक कोणती?

खेळ हा हेतू असेल, तर पहिली बंदूक .२२ नसावी. ती .१७७ ची एअर रायफल असावी. परवाना नको, छर्रे सहज मिळतात, दहा मीटरची सुरक्षित जागा पुरते आणि चूक झाली तरी ती १४० ज्यूलची नसते. १० मीटर प्रकारातलं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, त्यामुळे ‘हवेची बंदूक म्हणजे खेळणं’ हा गैरसमज पहिल्याच आठवड्यात उतरतो. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली ती याच प्रकारात.

काडतुसाची रायफल हाताळून पाहायची असेल, तर विद्यार्थ्यांसाठी एनसीसी हा सगळ्यात सोपा मार्ग. कॅडेटना .२२ रायफलीवरच नेमबाजी शिकवतात, तीही फुकट आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. क्लब आणि ५० मीटरच्या रेंजसाठी मात्र लांब जायची तयारी हवी. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीतली रेंज नंदुरबारहून चारशे किलोमीटरच्या वर आहे. महिन्यातून एकदाही जाणं जमणार नसेल, तर .२२ घेऊन ती कपाटात ठेवण्याला काय अर्थ आहे, हे आधी स्वतःला विचारावं.

एवढं सगळं करूनही घ्यायचीच असेल, तर ईशापूरच्या सरकारी कारखान्याची साधी बोल्ट ॲक्शन .२२ रायफल सुरुवातीला पुरते. स्पर्धेच्या जर्मन रायफली लाखांच्या घरात जातात आणि त्या खेळाडूंच्या आयात सवलतीतूनच परवडतात. सामान्य नागरिकासाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून जुन्या परदेशी रायफलींचे भाव गुणवत्तेपेक्षा टंचाईने चढलेले असतात. नावाला भुलू नये.

जुनी घेताना नळीचं तोंड आणि आतले आटे बघाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेची कड तपासा. रिकामी .२२ चाप ओढून ‘खट खट’ करण्याची सवय अनेकांना असते. काडतूस नसेल तर पिन थेट त्या कडेवर आपटते आणि खड्डा पडतो. मग काडतुसं अडकतात किंवा फुसकी निघतात. आणखी एक, एखाद्या परवानाधारकाकडून थेट विकत घेताना त्याने लेखी कळवून ४५ दिवस उलटलेले असावे लागतात. हातोहात व्यवहार चालत नाही.

.२२ रिव्हॉल्व्हरही आहे. ईशापूरचं ‘निडर’. वजनाने हलकं, दिसायला छान. पण ज्या काडतुसाची न उडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, त्यावर जिवाची भिस्त ठेवणं पटण्यासारखं नाही.

बिबट्या, रानडुक्कर आणि वरात

तळोदा-शहाद्याच्या ऊसपट्ट्यात बंदुकीची मागणी बऱ्याचदा बिबट्याच्या भीतीतून येते. भीती खरी आहे, उपाय मात्र हा नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ वेगळा लागू होतो, आणि .२२ ने जखमी झालेला बिबट्या आधीपेक्षा जास्त धोकादायक असतो. त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. अक्कलकुवा तालुक्याला लागून असलेल्या गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. सीमेवरच्या गावांनी अर्जाआधी हे अंतर मोजून घ्यावं.

वरातीत, हळदीत हवेत बार काढणं हाही २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गोळी वर गेली की खाली येतेच.

आणि परवान्याच्या कटकटीला कंटाळून कुणी ‘सीमेपलीकडून आणून देतो’ म्हणालं तर? शहाद्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गाव गावठी कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास किमान दोन वर्षं कैद, बनवणं-विकणं यासाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. शिवाय असल्या नळीची चाचणी कुणीच केलेली नसते, ती हातातच फुटू शकते.

आजोबांची बंदूक घरात असेल तर

काही घरांत ‘पहिली बंदूक’ विकत घ्यावीच लागत नाही, ती वारशाने येते. परवानाधारक वारला म्हणजे बंदूक आपोआप मुलाची होत नाही. वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावं लागतं. धारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि वारशाची बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते.