बिजाचा पेला

अर्जुनी मोरगावच्या आठवडी बाजारातून अब्बांनी बिजाच्या लाकडाचा पेला आणला, ते साल २००१. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचे. पहाटेपर्यंत ते तांबूस होई आणि उजेडात धरले की कडेला निळी झाक दिसे. रमजानमध्ये सहरीला अब्बा तेच पीत. ‘साखर मरते याने,’ म्हणत.

कोकणात या झाडाला बिबळा म्हणतात, संस्कृतात असन. सुश्रुतसंहितेत प्रमेहावर सांगितलेल्या सालसारादी गणात ते आहे. त्याच्याच जातभाईचे, फिलिपिन्समधल्या झाडाचे, पेले एकेकाळी युरोपात मूत्रपिंडाच्या विकारावरचा उपाय म्हणून नावाजले होते. अशा लाकडाच्या पाण्यातल्या निळाईवर रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये लिहून ठेवले आहे.

आपण धानाच्या मुलखातली माणसे, दोन्ही वेळा भात. त्यातला स्टार्च आधी लाळेतले आणि स्वादुपिंडातले अमायलेझ तोडते. उरलेले काम लहान आतड्याच्या अस्तरावरचे ग्लुकोसिडेझ करते. ही विकरे अडवली की साखर रक्तात एकदम न चढता सावकाश उतरते. न पचलेला स्टार्च मात्र पुढे मोठ्या आतड्यात जाऊन वायू धरतो. या तत्त्वावरचे अकार्बोज हे औषध १९९० मध्ये जर्मनीत आले, तेही एका जिवाणूपासून. तुतीच्या मुळाच्या सालीत जपानी संशोधकांना १९७६ मध्ये असाच एक पदार्थ मिळाला. मिग्लिटॉल हे औषध त्याच्याच घराण्यातले.

बिजाचा अर्कही प्रयोगशाळेत ही विकरे रोखतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार केंद्रांवरच्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा मोठा खरा. पण ते रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते, अर्क मोजून दिला जात होता, डॉक्टरांची नजर होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पेल्यातल्या पाण्यात किती औषध उतरते, ते कोण मोजणार?

हे मी वाचले तोवर अब्बांनी गोळ्या सोडून दीड वर्ष झाले होते. पायाला लागलेली ठेच भरून आली नाही; अंगठा काढावा लागला.

पेला अजून फडताळात आहे. थोड्याच महिन्यांत त्याने रंग सोडणे बंद केले होते. पाणी साधेच राही, अब्बा पीत राहिले.