बर्लिनची गानसभा

चार बायका जमल्या की गाणे आलेच. ओव्या, मंगळागौरीची गाणी, भजने ही आपल्या अंगवळणी पडलेली आहेत. परंतु अशा घरगुती जमण्यातून एका थोर संगीतकृतीचा पुनर्जन्म व्हावा, ही गोष्ट मात्र विरळा. जर्मनीतील बर्लिन शहरी ती घडली.

इ. स. १७९१ च्या मे महिन्यात कार्ल फाश या दरबारी वादकाच्या भोवती काही हौशी मंडळी श्रीमती फॉइटुस यांच्या घरी गाण्यासाठी जमली. हीच पुढे 'झिंगआकाडेमी' म्हणजे गानसभा म्हणून प्रसिद्धीस आली. त्या काळी चर्चमध्ये स्त्रियांच्या पट्टीतील स्वर लहान मुलगे गात. नाटकगृहात गाणाऱ्या स्त्रिया होत्या, पण घरंदाज स्त्रीने लोकांपुढे गावे हे प्रशस्त मानीत नसत. या सभेत मात्र स्त्रिया आरंभापासून पुरुषांच्या बरोबरीने सभासद होत्या.

पाश्चात्य वृंदगायनात सर्वांनी एकच चाल म्हणायची नसते. स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे असे चार आवाज निरनिराळ्या ओळी एकाच वेळी गातात. एकजण चुकला तरी वीण उसवते. म्हणूनच तिथे नेमाने तालमीला येणाऱ्याचे मोल फार. फाश यांच्यामागे १८०० साली सभेची धुरा कार्ल त्सेल्टर यांनी वाहिली. ते मूळचे गवंडीकामातले!

योहान सेबास्टियन बाख यांची 'सेंट मॅथ्यू पॅशन' ही येशूच्या अखेरच्या दिवसांची संगीतकथा १७२७ ची. दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारी ही रचना १७५० साली बाख वारल्यानंतर जवळजवळ विस्मृतीत गेली होती. बेला सालोमन या आजीबाईंनी तिची हस्तलिखित प्रत आपल्या नातवाला, फेलिक्स मेंडेलसोनला, भेट दिली. त्यांची बहीण सारा लेव्ही स्वतः कुशल वादक. त्यांनी जपलेली बाख घराण्याची हस्तलिखिते सभेच्या संग्रहास दिली.

११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्सने सभेच्या नव्या सभागृहात, काही भाग गाळून, ही रचना सादर केली. सुमारे दीडशे सभासद गात होते, सारे बिनमोबदला. तिकिटे हातोहात खपली, कित्येक लोक दारातून परतले. दहा दिवसांनी प्रयोग पुन्हा करावा लागला. उत्पन्न गरीब मुलींच्या शिवणशाळांना गेले. गाणाऱ्यांत फेलिक्सची थोरली बहीण फॅनीही होती. तिची प्रतिभा भावाच्या तोडीची. पण संगीत हा तुझा व्यवसाय होणे नाही, असे वडिलांनी तिला बजावलेले. लोकांपुढे उभे राहण्याची वाट तिला या सभेच्या रांगेतच सापडली.

दुसऱ्या महायुद्धात सभेचा संग्रह बर्लिनबाहेर गेला आणि हरवल्यासारखा झाला. १९९९ साली तो कीव्ह येथे सापडला व २००१ साली परत आला. जुने सभागृह आता नाट्यगृह आहे; सभा मात्र अजून गाते.

इतिहास त्या प्रयोगाचे श्रेय फेलिक्सला देतो, आणि ते योग्यच आहे. तथापि अडतीस वर्षे आठवड्यामागून आठवडे घरचे आवरून तालमीला येणाऱ्या स्त्रिया नसत्या, तर त्याने हात उंचावल्यावर गायले कोणी असते? मंडळाच्या हजेरीपटावरील प्रत्येक नावाचे मोल भगिनींनी यावरून ओळखावे.