पहिल्या धारेची कुळकथा

भंडाऱ्याच्या वर्तमानपत्रांत मोहाची दारू भेटते ती बहुधा गुन्ह्यांच्या पानावर. नाल्याकाठच्या भट्टीवर धाड, मोहफुलांचा सडवा जागीच नष्ट, आरोपी फरार. चार ओळींत बातमी संपते. ज्या पेयाचं मूळ चरकसंहितेपर्यंत जातं, त्याच्या वाट्याला एवढीच जागा यावी, याचं मला वाईट वाटतं.

चरकाने सूत्रस्थानात आसवांचे ८४ प्रकार मोजले आहेत. त्यांतले दहा फुलांचे. त्या दहांत कमळाच्या जाती आहेत, धायटी आहे आणि मधूक, म्हणजे आपला मोहही आहे. आसव हे नुसतं आंबवलेलं पेय. ते आगीवर चढवून वाफेची धार पाडणं ही पुढची पायरी. गोंडांच्या घरी जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी मोहाचे थेंब आधी जमिनीवर पडतात, मग माणसांच्या ओठी लागतात. देवाला चालणारी ही वस्तू सरकारदरबारी गुन्हा कशी ठरली, ते पुढे येईलच.

आधी फूल पाहू. फाल्गुन-चैत्रात मोहाची पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लटकतात. फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. साकोली-लाखनीकडे बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की फूल मलूल होतं आणि गुरं, हरणं, अस्वलं वाटेकरी होतात. फूल मांसल, फिकट पिवळं, बोटांत दाबलं की चिकट रस सुटणारं. अंगणात तीन-चार दिवस वाळलं की ते मनुकेसारखं तपकिरी होतं. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणूनच दुष्काळात याच फुलांनी माणसं जगवली.

वाळली फुलं पाण्यात भिजवून काही दिवस झाकून ठेवली की सडवा तयार होतो. बुडबुडे थांबले, आंबूस वास बदलला की जाणती बाई ओळखते, आता चढवायचं. मडकं चुलीवर, तोंड मातीने लिंपलेलं, बांबूची नळी थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात. आच मंद हवी. जाळ वाढला तर सडवा करपतो आणि करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत राहतो. पहिली धार जहाल, मधली गोडसर आणि फुलाचा गंध राखणारी, शेवटची फिकी. ताज्या फुलांची वेगळी, वाळल्या फुलांची वेगळी. एवढे बारकावे ज्या हातांना कळतात, ते हात अडाणी नव्हेत.

असेच बारकावे स्पेनमधल्या हेरेस गावानं जगापुढे मांडले. तिथली शेरी ही वाइन मुख्यतः पालोमिनो या एकाच पांढऱ्या द्राक्षाची. वाइनमधलं मद्यार्काचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर पिपात तिच्यावर यीस्टची साय धरते आणि फिकट, कोरडी फिनो होते. १७ टक्क्यांच्या वर नेलं तर साय जगत नाही, हवा लागते आणि गडद ओलोरोसो तयार होते. आधी साय, मग हवा, अशा दोन्ही अवस्थांतून गेलेली ती अमोंतियादो. उन्हात वाळवलेल्या पेद्रो शिमेनेस द्राक्षांची काळीभोर, काकवीसारखी दाट शेरी आणखी निराळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेरीचा खप घसरला, म्हाताऱ्यांचं पेय म्हणून ती मागे पडली. अलीकडे रसिक तिच्याकडे वळले ते या प्रकारांच्या ओढीनं. पण हेरेसला १९३०च्या दशकातच कायद्याचं कवच मिळालं होतं. मोहाच्या नशिबी नेमका उलटा कायदा आला.

इंग्रजांना अबकारीचा पैसा हवा होता. मध्य प्रांतात गावोगावच्या भट्ट्यांचे ठेके लिलावात जात आणि पुढे दारू गाळण्याचं काम मोठ्या भट्ट्यांत एकवटलं. मुंबई इलाख्यात १८९२च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९चा दारूबंदी कायदा इथेही लागला. त्यातही मोहफुलं ताब्यात ठेवण्यावर निर्बंध होते. झाड अंगणात, फूल अंगणात आणि गुन्हाही अंगणातच! चोरून गाळायचं म्हटल्यावर मंद आच आणि सवड कुणाकडे असणार? मग फुलांच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आले. त्या विषानं संसार बुडाले. दारूनं होणारा नाश मी नाकारत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि तिच्यासाठी लढलेल्या बायांचा राग खरा होता. माझं म्हणणं एवढंच, की त्या रागाचं खापर मोहाच्या झाडावर फुटू नये.

आता वारं फिरतंय. गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रानं २०२१मध्ये मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. २०२२मध्ये मंत्रिमंडळानं काजूबोंडं आणि मोहफुलांच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घेतलं. मोहाइतकं देशी दुसरं काही नसताना त्याला विदेशी म्हणावं लागणं मला खटकतं, पण दार उघडलं हे खरं. मध्य प्रदेशानं एक पाऊल पुढे टाकलं. तिथे मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हटलं गेलं आणि अलिराजपूर, दिंडोरीच्या आदिवासी बचत गटांना ती गाळण्याची वाट मिळाली.

आपल्याकडे हे दार फक्त कारखानदारांसाठी उघडलं, तर फूल वेचणाऱ्या बाईच्या हाती वाळल्या फुलाचा भाव तेवढा उरेल. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. त्याच हक्काच्या बळावर भंडारा-गोंदियाच्या ग्रामसभांना आणि महिला बचत गटांना, तपासणी आणि शुद्धतेच्या कडक अटी घालून, छोट्या भट्टीचे परवाने मिळाले पाहिजेत. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधानसभेत लावून धरावी.