हिंगण्याच्या वाटेवर

साल १९००, पावसाळ्यातली संध्याकाळ. तुमच्या ओळखीच्या कर्वेनगरात ना सिग्नल, ना रिक्षा, ना क्लासेसच्या पाट्या. हिंगणे बुद्रुक नावाचं खेडं, सभोवार माळ आणि चपलेला शेरभर चिखल. समोर एक साधी झोपडी. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, म्हणून ती उभी राहिली. पुणे शहरात प्लेग आहे, तेव्हा विधवा मुलींचा आश्रम इकडे आलाय. वाटेनं गाठोडं घेऊन कुणी किरकोळ अंगाचे गृहस्थ येताहेत. हे फर्ग्युसनचे गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी पायी हिंगणे, सकाळी परत.

आत शिरायची घाई नको. आधी सात वर्षं मागे, पुण्यातल्या शारदा सदनात चला.

विधवांना शिकवणारं हे सदन पंडिता रमाबाईंचं, पैसा बॉस्टनच्या मंडळाचा. इंग्लंडातल्या वाँटेजच्या ज्या मठाच्या सिस्टर्स पुण्यात मिशनचं काम करतात, तिथंच रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. सदनात धर्मोपदेशाची सक्ती नाही. पण सकाळच्या प्रार्थनेला रमाबाईंच्या खोलीचं दार उघडं असतं आणि मुली आपण होऊन आत जाऊन बसतात. त्या उघड्या दारावरून गावभर रण माजलंय. टिळकांचा 'केसरी' तुटून पडलाय. रानडे, भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडलेत. पालक मुलींची बोचकी बांधून त्यांना घरी नेताहेत. घरी म्हणजे पुन्हा त्याच काळोख्या माजघरात, हे कुणी बोलत नाही. पंचहौद मिशनात १८९० मध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांनाही ग्रामण्याच्या बहिष्काराला तोंड द्यावं लागलं होतं. त्या गावाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार?

मिशनला माणसं बाटवायची होती, हे खोटं नव्हे. रमाबाईंनी पुढं केडगावला 'मुक्ती' उभी केली, तिथं चर्चही आलं. पण मिशनच्या नावानं बोटं मोडणाऱ्या पुण्यानं तोवर विधवांना राहून शिकायला एक पडवी तरी मोकळी केली होती का? कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला तो हिंदू पालकांची ही बाटण्याची धास्ती ओळखूनच.

कर्व्यांना ती धास्ती घरातूनच ठाऊक. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, माहेरच्या गोदूबाई जोशी, या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला त्यांचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं.

आता झोपडीत या. पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमात करायचा नाही, असा कर्व्यांचा दंडक आहे. नाहीतर पालक मुली धाडायचे नाहीत. म्हणून आनंदीबाई शहरातच राहतात. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा आहे, केशवपन केलेली. तिच्या आश्रमातल्या वावराला मात्र कुणाची हरकत नाही.