संगणकांचें श्रुतलेखन

शिक्षकाला दोन प्रकारें शिकवितां येतें. एकेका मुलापाशीं बसून त्याची पाटी भरून द्यावयाची, हा एक प्रकार. आणि फळ्यापाशीं उभें राहून एकदांच सांगावयाचें व साऱ्या वर्गानें तें उतरून घ्यावयाचें, हा दुसरा. पहिल्यांत श्रम फार. दुसऱ्यांत श्रम थोडे, पण जोखीम मोठी. कारण गुरुजी चुकले कीं सारा वर्ग चुकतो. संगणकांच्या इतिहासांत हेच दोन प्रकार कसे आले, तें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

कोरा संगणक ही कोरी पाटीच होय. कळ दाबली असतां कोणतें अक्षर उमटवावें, लिहिलेलें कोठें ठेवावें, पडद्यावर काय दाखवावें, हें सारें त्याला शिकविणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती आंत भरल्यावांचून यंत्र कांहीं कामाचें नाहीं.

परभणी जिल्ह्यांतील एका शाळेंत नोकरीचीं शेवटचीं वर्षें मी संगणक-कक्षाचा भार सांभाळला. मी मॅट्रिक झालेला मास्तर. परंतु कक्षाची किल्ली माझ्या हातीं, म्हणून ही विद्याहि माझ्याच गळ्यांत पडली. यंत्रें वीस होतीं. एका यंत्रांत सीडी घालून सिस्टिम भरावयास पाऊण तास लागे. म्हणजे विसांचे पंधरा तास झाले. मध्येंच वीज गेली तर त्या यंत्रापुरता पुनः श्रीगणेशा! कक्ष आठवडाभर बंद राही, आणि ज्या तुकडीची पाळी त्या आठवड्यांत येई, तिची पाळी बुडे ती बुडेच.

आमचा हा खटाटोप चालला असतां जगांत त्यावर तोड केव्हांच निघालेली होती. तिचा उगम मात्र काटकसरींत आहे. १९८० च्या सुमारास डिस्क ही महाग वस्तु होती. म्हणून त्या दशकांत सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या अमेरिकन कंपन्यांनीं डिस्क नसलेले संगणक बाजारांत आणले. सारें भांडार एका सर्व्हरवर, आणि बाकीच्यांनीं तारेवरून मागून घ्यावयाचें. पण मागावें कसें? असलें यंत्र जागें झालें म्हणजे त्याची स्थिति जत्रेंत चुकलेल्या मुलासारखी होते. नांव ठाऊक नाहीं, घर ठाऊक नाहीं. नेटवर्क-कार्डावर कारखान्यांत घातलेला एक क्रमांक तेवढा त्याच्यापाशीं असतो. १९८४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मंडळींनीं रीत बांधून दिली कीं, यंत्रानें तो क्रमांक पुकारावा आणि माहितगार सर्व्हरनें त्याला त्याचा पत्ता सांगावा. पुढच्याच वर्षीं बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनीं ‘बूटपी’ ही रीत प्रसिद्ध केली. तींत पत्त्याबरोबरच, कोणती फाइल कोणाकडून आणावयाची, हेंहि उत्तरांत येऊं लागलें.

फाइल आणण्याची साधी रीत १९८१ सालींच कॅरन सॉलिन्स यांनीं नियमबद्ध केली होती. तिचें नांव टीएफटीपी. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवावयाचा. ‘पोंचला’ असा निरोप आल्याखेरीज दुसरा पाठवावयाचा नाहीं. श्रोतेहो, हें आमचें श्रुतलेखनच नव्हे काय? गुरुजी एक वाक्य सांगतात, मुलगा ‘हं’ म्हणतो, मग पुढचें वाक्य.

याच विचाराचें एक निराळें रूप आपल्या महाराष्ट्रांत, पुण्यास, दिसलें. अमेरिकेनें अत्यंत प्रगत क्रे महासंगणक भारतास देण्याचें नाकारलें, तेव्हां १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. तो इंग्लंडांतील इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नामक चिपा जोडून उभारलेला होता. या चिपेस चार दुवे असत, आणि आपली पहिली आज्ञा दुव्यावरून घेण्याची सोय तिच्यांत जन्मतःच असे. दुव्यावरून येणारा पहिला बाइट पुढें किती बाइट येणार तें सांगे. तेवढे उतरून घेतले कीं चिप कामास लागे आणि शेजारणीलाहि धडा देऊं शके. एका पणतीनें दुसरी पणती लावावी, तसा हा प्रकार.

साध्या संगणकांपर्यंत ही सोय येण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. १९९३ सालीं बूटपीच्या पायावर डीएचसीपी ही अधिक लवचीक रीत उभी राहिली. १९९९ सालीं इंटेल कंपनीनें ‘पीएक्सई’चे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले, आणि पुढें बाजारांतल्या बहुतेक संगणकांत ती पहिली हांक मारणारा लहानसा कार्यक्रम कायमचा येऊन बसला. २००७ सालीं पुण्याचा ‘एका’ महासंगणक जगांत चवथा ठरला. त्यांत सुमारें १,८०० संगणक एकत्र गुंफलेले होते. तेवढ्या यंत्रांपुढें सीडी घेऊन कोण फिरणार?

आमच्या शाळेंत ही विद्या एका माजी विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुट्टींत आणली. तैवानमध्यें तयार झालेला ‘क्लोनझिला’ हा विनामूल्य कार्यक्रम त्यानें वापरला. एक यंत्र मीं नीट तयार करून दिलें. त्याची प्रत सर्व्हरवर ठेवली. आणि मग सर्व्हरनें एकदांच सांगितलें व साऱ्या यंत्रांनीं एकदमच ऐकलें. पंधरा तासांचें काम एका दुपारीं आटोपलें. मी कृतार्थ झालों.

सुट्टी संपली. आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें निबंध लिहावयास घेतला आणि विचारलें, “गुरुजी, यांत मराठी कोठें आहे?” मीं दुसरें यंत्र दाखविलें, तिसरें दाखविलें; मराठी कोठेंच नव्हती. मूळ प्रत तयार करतांना मराठी कळफलकाची सोय जोडावयाची मीं विसरलों होतों, आणि वीसच्या वीस यंत्रें इंग्रजींत बोलूं लागलीं होतीं. मराठी शाळेंत! दुरुस्ती दुसऱ्या दिवशीं एका दुपारीं झाली, हें खरें. परंतु तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे.

या जोखमीचें विराट रूप १९ जुलै २०२४ रोजीं जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीनें नेटवर्कवरून धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळें सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले; आपल्या देशांतील विमानतळांवरहि प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. चूक क्षणांत सर्वत्र गेली. दुरुस्ती मात्र तितक्या सहज जाईना, कारण यंत्रें धडपणें जागींच होईनात. पुष्कळ ठिकाणीं माणसांना यंत्रामागून यंत्रापुढें जाऊन बसावें लागलें. तेव्हां मायक्रोसॉफ्टनें दिलेल्या उपायांत पेनड्राइव्हबरोबर तीच जुनी पीएक्सईची वाट होती. कारण ती पहिली हांक डिस्क उघडण्याच्या आधींची असते.

मूळ प्रत जो तयार करतो, तो पुढच्या साऱ्या प्रतींचा धनी होतो. सी-डॅकनें २००७ सालीं ‘बॉस’ ही प्रणाली काढली, तींत भारतीय भाषांची सोय मुळांतच घातली होती. त्याचें महत्त्व मला त्या मुलीच्या प्रश्नानें कळलें. म्हणून आपापल्या शाळेंत, कचेरींत जेव्हां सर्व यंत्रें एकदम भरावयाचीं असतील, तेव्हां दूर पाठविण्यापूर्वीं मूळ प्रत एकदां एखाद्या विद्यार्थ्याच्या हातीं द्या आणि त्याला दोन ओळी मराठींत लिहावयास सांगा. श्रुतलेखन घालण्याआधीं गुरुजींनीं धडा स्वतः एकदां वाचावा, हा आमच्या धंद्यांतील जुनाच नियम आहे.