राज्य कुणाचे?

२०२३ पर्यंत आपल्या जिल्ह्याला ज्यांचे नाव होते, त्या निजाम मीर उस्मान अलींनी रयतेतील प्रत्येकाला मत कधी दिलेच नाही. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर तर स्थापनेआधीच बंदी आली! मागणे मांडायचीही सोय नसेल, तर लोकांनी सत्याग्रह न करावा तर काय करावे? पुढे रझाकारांनी गावे लुटली, तेव्हा सरहद्दीवरील तरुणांनी शस्त्रे उचलली. मला ते गैर वाटत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आले. पण त्यानंतर कित्येक निरपराध मुसलमान शेजारी मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा धरला. त्याला प्रतिकार कसे म्हणावे? १९५२ च्या निवडणुकीत मात्र हिंदू असो, मुसलमान असो, बाई असो, प्रत्येकाला एक मत मिळाले.