हवामानाची पूर्वसूचना : महासंचालकांची जबाबदारी

पारगाव (ता. आंबेगाव) - देशभरातील हवामानाची निरीक्षणे एकत्र करून संकटाची पूर्वसूचना वेळेत देणारी यंत्रणा चालविणे, ही भारतीय हवामान विभागाच्या महासंचालकांची प्रमुख जबाबदारी. विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. जिनिव्हा येथील जागतिक हवामान संघटनेत भारताचे स्थायी प्रतिनिधी म्हणूनही महासंचालकच काम पाहतात. डॉ. रंजन केळकर यांनी १९९८ ते २००३ या काळात हे पद सांभाळले.

वारे आणि वादळे देशांच्या सीमा मानत नाहीत. त्यामुळे संघटनेचे सदस्य देश ठराविक वेळी, समान पद्धतीने निरीक्षणे घेऊन ती परस्परांना देतात. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचे इशारे नवी दिल्लीतील केंद्र शेजारी देशांनाही पुरविते.

२०२७ अखेर जगातील प्रत्येकाला पूर्वसूचनेचे संरक्षण मिळावे, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये जाहीर केले. त्याचे चार आधार आहेत : धोक्याची माहिती, निरीक्षण व अंदाज, इशारा पोहोचविणे आणि लोकांची सज्जता.

या साखळीचे महत्त्व आंबेगाव तालुक्याला वेगळे सांगावे लागत नाही. तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा कोसळून १५१ जणांचा मृत्यू झाला. पावसाचा अंदाज हवामान विभाग देतो, दरडप्रवण क्षेत्रांचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते आणि ग्रामस्थांना हलविण्याचे काम जिल्हा प्रशासनाचे असते. या तिन्ही यंत्रणा वेळेत जोडल्या गेल्या, तरच अंदाजाचा उपयोग डोंगराखालच्या घरांना होतो.